इंजिन नंतर, आधी बोटीचं बूड

बोट घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो हॉर्सपॉवरचा, दुसरा वेगाचा, आणि मग गाद्या, छत, म्युझिक सिस्टीम. बोट ट्रेलरवर उभी असते, तिचं बूड समोर उघडं असतं, पण खाली वाकून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही. इंजिन पुढे बदलता येतं, गाद्या तर उद्याही बदलता येतात. तळाचा आकार साच्यातून एकदा निघाला की तोच कायम.

विकणाऱ्याला आधी विचारायचा आकडा म्हणजे डेडराइज. बोटीच्या मागे, जिथे आउटबोर्ड इंजिन लटकतं त्या ट्रान्समच्या फळीसमोर उभे राहा. तळाच्या दोन बाजू मधल्या कण्यापासून वर चढत जातात. ही चढण आडव्या रेषेशी जो कोन करते तो डेडराइज. शून्य ते पाच अंश म्हणजे सपाट तळ, बारा ते अठरा म्हणजे मध्यम व्ही, वीसच्या पुढे डीप व्ही. पुढचं टोक बहुतेक बोटींचं सुरीसारखं असतं, त्यावर भाळू नका. बोट वेगात पळते तेव्हा ते टोक बहुतेक वेळ हवेत असतं. लाटेवर आपटतो तो मधला भाग, म्हणून कोन मागे किती आणि मध्यावर किती, दोन्ही विचारावेत.

हा कोन एवढा महत्त्वाचा का, हे कळायला बोट पळते कशी ते बघावं लागेल. हळू चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्यालगतची लांबी मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, २.४३ ने गुणा. उत्तर येईल त्या नॉटच्या आसपास तिची मर्यादा. सात मीटरच्या बोटीला हे जेमतेम ६.४ नॉट, म्हणजे ताशी १२ किलोमीटर. त्यापुढे जायचं तर पाण्यातून वर उठून पृष्ठावर घसरत जावं लागतं. याला प्लेनिंग म्हणतात. पाण्यावर तिरपी फेकलेली चपटी ठिकरी टप्पे खात जाते, तिलाही पाण्याचा असाच धक्का वर उचलतो. उचलायला सपाट तळ सर्वांत चांगला. तोच तळ लाटेवरून खाली पडला की मणके मोजून घेतो.

किती, त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. तळाची रुंदी २.२ मीटर धरा, म्हणजे कण्यापासून काठापर्यंत १.१ मीटर. बोट लाटेवरून अर्धा मीटर खाली पडली. पाच अंशांच्या तळाची खोली अवघी १० सेंटिमीटर, चौदा अंशांच्या तळाची २७ आणि बावीस अंशांच्या तळाची ४४. बोटीला थांबायला साधारण एवढंच अंतर मिळतं. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर केलं की सपाट तळावर सरासरी पाच जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाचपट, दणका येतो, चौदा अंशांवर दोनच्या आत, बावीसवर एकच्या थोडा वर. खरा दणका एका क्षणात याहून मोठा असतो आणि गणितही इतकं सरळ नसतं, पण तुलना खरी आहे. सपाट बोटीत दुपारच्या परतीला लोक उभ्याने, गुडघे वाकवून का येतात ते यातून कळतं.

मग सगळ्या बोटी डीप व्ही का नसतात? कारण हा आराम फुकट मिळत नाही. डॅनियल सॅविट्स्की यांनी १९६४ मध्ये प्लेनिंग तळासाठी जी सूत्रं मांडली, ती आजही वापरली जातात. त्यांत नेहमीचे आकडे घालून पाहिलं तर तेवढ्याच ओल्या पृष्ठावर आणि तेवढ्याच कलावर बावीस अंशांचा तळ सपाट तळाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश कमी उचल देतो. ती कसर इंजिनाने भरून काढायची, म्हणजे पेट्रोलने. शिवाय नांगर टाकून उभी असताना डीप व्ही डुलते. दोन माणसं एका बाजूला मासा बघायला गेली की चहा सांडतो.

डीप व्ही चा बोलबाला झाला तो १९६० च्या मायामी–नासाउ शर्यतीनंतर. रेमंड हंट यांनी आखलेली डिक बर्ट्रम यांची ‘मॉपी’ खवळलेल्या समुद्रात ती शर्यत जिंकली. गंमत म्हणजे त्याच हंट यांचा हात बॉस्टन व्हेलरच्या १३ फुटी बोटीमागेही होता, आणि तिचा तळ अगदी वेगळा, बुटका, रुंद, जागेवर न डुलणारा. एकाच माणसाने दोन पाण्यांसाठी दोन टोकाचे तळ दिले.

म्हणून प्रश्न बोटीचा नाही, तुमच्या पाण्याचा आहे. पवना किंवा मुळशीच्या जलाशयावर फिरायचं असेल तर बारा ते पंधरा अंश पुरेत. तिथे डीप व्ही घेणं म्हणजे नुसतं इंधन जाळणं. गेटवेहून मांडव्याला जायचं असेल तर गोष्ट निराळी. सकाळी मतलई वारा मंद असतो, पाणी आरशासारखं. दुपारी खारे वारे वायव्येकडून उठतात आणि उभ्या, जवळजवळच्या लाटा लागतात, त्यात फेऱ्यांच्या बोटींनी उठवलेल्या लाटांची भर. डेमो बहुतेक सकाळी दहाला होतो, हे लक्षात असू द्या. अशा पाण्याला साडेसहा ते आठ मीटर लांबी, अठरा ते एकवीस अंश, आणि चाइन रुंद, असा माझा कौल.

चाइन म्हणजे तळ आणि बाजू जिथे मिळतात तो कोपरा. तिथे दहा-पंधरा सेंटिमीटरची सपाट पट्टी असेल तर ती उडणारं पाणी खाली दाबते, बोट लवकर उचलते आणि उभी असताना डुलणं आवरते. पट्टी बाहेरच्या बाजूला खाली झुकलेली असेल तर आणखी कोरडं राहता येतं. मात्र नांगरावर रात्रभर तिच्याखाली पाणी थापा मारत बसतं. त्यात झोप लागत नाही.

बारीक खाड्यांत, वाळूवर टेकणाऱ्या ठिकाणी, उथळ मध्यम व्ही बरी. पण कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी सांभाळा. बाहेर पडणारा प्रवाह आत येणाऱ्या लाटांना भिडतो, लाटा आखूड आणि उंच होतात. मागून लाट आली आणि पुढचं अरुंद टोक खाली रुतलं की तेच टोक सुकाणूसारखं बोट फिरवतं. बोट लाटेला आडवी होते आणि कलंडू शकते. अशा वेळी ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समखालच्या झडपा, पूर्ण वर घ्यायच्या, इंजिन थोडं बाहेर ट्रिम करायचं, म्हणजे त्याचा खालचा भाग ट्रान्समपासून दूर कलवायचा, म्हणजे टोक उचललेलं राहतं. समोरून लाटा असतील तर उलट, टोक थोडं खाली दाबायचं, म्हणजे धारदार भाग लाट कापतो.

दोन तळांची कॅटामरान उभी असताना डुलत नाही आणि मध्यम वेगात समोरच्या लाटांवर मऊ चालते. तिचा कच्चा दुवा वजन. जास्त माणसं आणि सामान भरलं की दोन तळांमधल्या बोगद्याचं छत पाण्याजवळ येतं आणि त्यावर लाटा दणादण आदळतात. शिवाय इंजिनं दोन, खर्चही दोनाचा. रिब, म्हणजे टणक तळाची आणि हवा भरलेल्या रबरी कडांची बोट, घेताना कडा पीव्हीसीच्या आहेत की हायपॅलॉनच्या ते बघा. आपल्या उन्हात हायपॅलॉनच टिकतं. तळाला आडव्या पायऱ्या असलेल्या बोटी फक्त मोठ्या वेगात फायदा देतात आणि जोरात वळताना मागची पकड सुटून गर्रकन फिरू शकतात. घरच्यांसोबत फिरायला त्या नकोतच.

सीई, म्हणजे युरोपीय मानकाच्या, पाटीवरचं अक्षरही वाचा. सी वर्ग म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मापनावर ६ पर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटा, डी म्हणजे शांत, आडोशाचं पाणी. हे वर्गीकरण बोट बुडण्या-कलंडण्याबद्दल आणि मजबुतीबद्दल सांगतं. पाठीबद्दल नाही.

चाचणीला दुपारी जा. टाकी भरलेली, बोटीत जितकी माणसं नेहमी असणार तितकी. कमाल वेग बघण्यात वेळ घालवू नका, किमान प्लेनिंग वेग शोधा. वेग हळूहळू कमी करा आणि बोट कितीला खाली बसते ते टिपा. चौदा नॉटलाही प्लेनिंगवर राहणारी बोट लाटांत आरामात चालवता येते. अठराला बसणारी बोट दोनच पर्याय देते, आपटत चला नाहीतर रखडत चला. मग लाटा समोरून, बगलेवरून आणि मागून घेऊन बघा. शेवटी थ्रॉटल झटकन बंद करा. मागची लाट ट्रान्समवरून आत येते का?

जुनी बोट असेल तर हातोडी आणि दीड-दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी सोबत न्या. लाकडी हातोडीने तळ ठोका. टणक टकटक चांगली, मऊ धप् असा आवाज म्हणजे थर सुटलेले किंवा आत ओल. ट्रान्समच्या गाभ्यात प्लायवूड असेल तर इंजिन अर्धं वर करून खालून जोर लावा. फळी हलली किंवा कोपऱ्यात तडे दिसले तर आत लाकूड कुजलंय. मग पट्टी तळाला मागच्या टोकापासून पुढे, कण्याला समांतर, लावा. पट्टीखाली मधोमध उजेड दिसला तर तळ आत दबलाय, याला हूक म्हणतात. अशी बोट टोक खाली घालून चालते. उलट मध्य टेकून टोकं उचललेली दिसली तर पुढचा भाग डॉल्फिनसारखा वर-खाली होत राहील. पाच मिलिमीटरची फटही फरक पाडते. बऱ्याचदा दोष कारखान्याचा नसतो. वर्षभर चुकीच्या जागी टेकू दिलेल्या ट्रेलरवर बोट उभी राहिली की फायबरचा तळ हळूहळू वाकतो, म्हणून ट्रेलरचे टेकूही तिथेच बघून घ्या.