बुडत्या टीमला नवा कोच वर काढतो म्हणजे नक्की काय होतं: थोडी पार्श्वभूमी

फुटबॉलमध्ये हे नेहमीचं: सीझन अर्धा झालेला असतो, टीम हरत असते, स्टेडियममध्ये लोक शिट्ट्या मारत असतात, मग क्लबचं बोर्ड कोचला नारळ देतं आणि नवा माणूस आणतं. त्यानं पहिली मॅच जिंकली की लगेच सगळीकडे सुरू, बघा कसं चित्र पालटलं. मला हे पहिल्या मॅचवरून ठरवणं अजिबात पटत नाही, कारण ज्यांनी खरंच पडलेल्या टीम उभ्या केल्या त्यांची सुरुवात बघाल तर बऱ्याचदा वाईटच होती.

बिल शँकली डिसेंबर १९५९ मध्ये लिव्हरपूलला आले तेव्हा क्लब सेकंड डिव्हिजनमध्ये (इंग्लिश लीगचा दुसरा स्तर, वरचा म्हणजे फर्स्ट डिव्हिजन) अडकलेला, आणि पहिल्याच मॅचला ॲनफिल्डवर कार्डिफनं ४-० नं धुतलं. शँकलींनी पुढे खेळाडू भरपूर बदलले पण आधीपासून असलेला कोचिंग स्टाफ, म्हणजे बॉब पेस्ली, जो फेगन ही मंडळी, तशीच ठेवली. १९६१ मध्ये रॉन यीट्स आणि इयन सेंट जॉन आले, १९६२ ला प्रमोशन म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये बढती, १९६४ ला थेट लीगचं विजेतेपद. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले तेव्हा मँचेस्टर युनायटेड २२ टीममध्ये २१व्या नंबरवर होती, पहिली मॅच ऑक्सफर्डकडून २-० हरले, सीझन ११व्या नंबरवर संपवला. पहिली ट्रॉफी १९९० चा एफए कप (इंग्लंडची नॉकआउट स्पर्धा) आणि लीग तर १९९३ ला, तोपर्यंत आजचं कुठलं बोर्ड थांबलं असतं?

पण मला सगळ्यात भारी वाटते ती ब्रायन क्लफची केस. जानेवारी १९७५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट सेकंड डिव्हिजनमध्ये १३वी होती, क्लफ आला आणि सीझन संपला तेव्हा टीम १६वी! म्हणजे वर जायच्या ऐवजी खालीच गेली. पुढच्या वर्षी ८वी, १९७६ च्या उन्हाळ्यात त्याचा जुना जोडीदार पीटर टेलर येऊन मिळाला, १९७७ ला तिसऱ्या नंबरवरून कसंबसं प्रमोशन, आणि १९७८ ला फर्स्ट डिव्हिजन चॅम्पियन, मग १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग, युरोपातल्या क्लबची सगळ्यात मोठी स्पर्धा). यात जॉन रॉबर्टसनकडे बघा. क्लफ यायच्या आधीपासून तो क्लबमध्येच होता, वजन वाढलेलं, ट्रान्सफर लिस्टवर, म्हणजे विकायच्या यादीत टाकलेला. त्याला डाव्या विंगवर खेळवलं आणि १९७९ च्या फायनलचा एकमेव गोल त्याच्याच क्रॉसवर झाला, १९८० च्या फायनलचा एकमेव गोल तर त्यानंच मारला. खेळाडू तोच होता, त्याला कुठे उभं करायचं हे कुणालातरी दिसायला हवं होतं. माझ्या मते कोचचं खरं काम हेच.

मग पहिल्या काही मॅचमधली उसळी येते कुठून? नेदरलँड्सच्या लीगची १९८६ ते २००४ ची आकडेवारी घेऊन यावर अभ्यास झालाय, त्यात निघालं की कोच बदलल्यावर रिझल्ट सुधारतात खरे पण तेवढ्याच घसरलेल्या ज्या टीमनी कोच बदलला नाही त्यांचेही जवळपास तसेच सुधारतात. दुखापती बऱ्या होतात, पोस्टला लागणारे बॉल आत जायला लागतात, आणि श्रेय जातं नव्या माणसाला.

तरी कोचनं काहीच होत नाही असंही नाही. ट्रान्सफर विंडो (खेळाडू घेण्या-विकण्यासाठी ठरवून दिलेला काळ) आल्यापासून सीझनच्या मध्ये आलेल्या कोचला बहुतेक वेळा आहे त्या खेळाडूंवरच भागवावं लागतं, त्यामुळे तो आधी डिफेन्स हातात घेतो. २०२१ च्या जानेवारीत थॉमस टुखेल चेल्सीत आला तेव्हा टीम ९वी, आल्याच्या दुसऱ्या दिवशी वुल्व्ह्जशी ०-० ड्रॉ, लोक म्हणाले किती बोअर. त्यानं मागे तीन डिफेंडर लावले, बाजूला पडलेल्या रुडिगरला परत घेतलं, नवीन एकही खेळाडू न घेता पहिल्या १४ मॅच हरला नाही आणि मे महिन्यात पोर्तो शहरात झालेल्या फायनलमध्ये मँचेस्टर सिटीला १-० हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली.

आता जर्मनीचा क्लब लेव्हरकुसेन. ऑक्टोबर २०२२, ८ मॅचमध्ये ५ पॉइंट, १८ टीममध्ये १७वा नंबर, आणि नवा कोच शाबी अलोन्सोकडे तोपर्यंतचा अनुभव म्हणजे मुख्यतः स्पेनच्या रियाल सोसिएदाद क्लबची बी टीम. पहिली मॅच शाल्केविरुद्ध ४-० जिंकली आणि सगळे खूश, मग आठवड्याभरात पोर्तो क्लबकडून ०-३ आणि फ्रँकफर्टकडून १-५. क्लब थांबला हे महत्त्वाचं. शिवाय फ्लोरियन व्हिर्ट्झ मार्च २०२२ पासून गुडघ्याच्या दुखापतीनं बाहेर होता, तो जानेवारी २०२३ मध्ये परत आला, म्हणजे आधीच्या कोचला जो खेळाडू मिळालाच नाही तो अलोन्सोला मिळाला, हे बोललं पाहिजे. सहाव्या नंबरवर सीझन संपला. मग उन्हाळ्यात दियाबीला विकून शाका, ग्रिमाल्डो, हॉफमन, बोनिफेस असे नेमके लोक घेतले, पूर्ण प्री-सीझन मिळाला, आणि २०२३-२४ मध्ये २८ विजय, ६ ड्रॉ, एकही पराभव नाही, क्लबची पहिली बुंडेसलीगा, म्हणजे जर्मन लीग. ज्या क्लबला २००२ मध्ये लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्हीत दुसऱ्या नंबरवर राहिल्यामुळे लोक चिडवायचे, त्या क्लबनं!

आणि याच क्लबनं २०२५ मध्ये अलोन्सो रियाल माद्रिदला गेल्यावर एरिक टेन हागला कोच म्हणून आणलं. व्हिर्ट्झ, फ्रिम्पाँग, शाका, टाह सगळे निघून गेलेले, टीम जवळपास नवी, तरी लीगच्या फक्त दोन मॅचनंतर, १ सप्टेंबरला, त्याला काढलं. पहिली मॅच हरला होता, दुसरी ब्रेमेनशी ३-३ ड्रॉ.