बस म्हणजे नुसता प्रत्यय

"जागा मिळाली तर बस, नाहीतर बस झालं म्हण आणि पुढची बस पकड." या वाक्यात तीन 'बस' आहेत आणि तिघांचं आपसात काहीही नातं नाही.

पहिला 'बस' संस्कृत 'उपविश्'चा. प्राकृतात सुरुवातीचा 'उ' गळाला, 'बैस' झाला. अभंगांतला 'बैसोनि' तो हाच. दुसरा, 'पुरे' या अर्थाचा, फारसी. त्याचं प्राचीन इराणी रूप 'वसिय्', म्हणजे 'मनाजोगतं, पुष्कळ'. प्राचीन इराणचा सम्राट दरायस याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात ते सापडतं. आपल्या 'वश'चा तो चुलतभाऊ.

खरी गंमत तिसऱ्याची. 1820च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात भाडं देईल त्याला नेणारी घोडागाडी सुरू झाली. तिला नाव पडलं 'ऑम्निबस', लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी'. (ओम्नेस नावाच्या टोपीवाल्याच्या दुकानावरून ते आलं, अशी कथा सांगतात. मला ती जरा जास्तच जुळून आलेली वाटते.) 4 जुलै 1829 रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक अशी तीन घोड्यांची ऑम्निबस धावू लागली. लोकांनी लांबलचक नावाचं डोकं उडवलं आणि शेपूट ठेवलं: बस.

पण 'सर्व' हा अर्थ होता डोक्यात, 'ऑम्नि'मध्ये. 'बस' हा चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे आपण 'सर्वांना'मधला 'ना' ठेवून "आठची ना चुकली" म्हणावं, तसं हे झालं. शाळेत 'देवेभ्यः' घोकलं असेल, तर त्यातला 'भ्यः' हा या 'बस'चा सख्खा नातलग. शब्दाच्या मध्ये संस्कृतचा 'भ' जिथे टिकतो, तिथे लॅटिनमध्ये बहुधा 'ब' होतो. आपलं 'नभ' आणि त्यांचं 'नेब्युला' (धुकं, ढग) हीच जोडी.

मग हा प्रत्यय मोकाट सुटला. मिनीबस, एअरबस झाल्या. इलेक्ट्रिशियनचा 'बसबार'ही 'ऑम्निबस बार'चाच, सगळ्या जोडण्यांना वीज पुरवणारी पट्टी. मुंबईत मोटारबस आली 15 जुलै 1926 रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. मराठीत येताच 'गाडी'च्या संगतीनं ती 'ती बस' झाली.

आता स्टॉपवर उभं राहून कुणी म्हणतो, "आज सगळ्या बसेसना उशीर झालाय." 'बस' लॅटिनचा प्रत्यय, 'एस' इंग्रजीचा, 'ना' मराठीचा. मूळ शब्दाचा पत्ताच नाही, आणि शेवटचा 'ना' पुन्हा चतुर्थीचाच.