मुंबई बेटाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे

मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम व दोन्ही कुलाबे (मोठे व धाकटे) यांचा किनारा, टेकड्या आणि वस्ती दाखविणारे, साधारणतः सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचे नकाशे.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स व पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन यांच्या १६६१ च्या विवाहतहाला (ज्यान्वये मुंबई इंग्रजांना मिळाली) जोडलेला म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो नकाशा आज उपलब्ध नाही. त्यात साष्टी व ठाणे मुंबईतच मोडत, असे इंग्रजांचे म्हणणे. गोव्याच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ते मानले नाही. १६६५ मध्ये इंग्रज अधिकारी हम्फ्री कुकने ताबा घेतला तो मुंबई बेटाचाच, माहीम त्याने मागाहून बळकावले. मूळ नकाशाच नसल्याने पोर्तुगीज बाजू सरसकट खोटी ठरविणे योग्य वाटत नाही. इंग्रज वैद्य जॉन फ्रायरच्या प्रवासवर्णनातील (१६९८) नकाशा मोजणीचा नसून रेखाटनवजा आहे.

किनाऱ्याची रेषा हा या नकाशांतील सर्वांत नाजूक भाग. बेटांमधील खाजणे भरतीला बुडत आणि ओहोटीला उघडी पडत. त्यामुळे मोजणी केव्हा झाली यावर बेटांचा आकार, क्वचित त्यांची संख्याही बदलते. म्हणून ‘सात बेटे’ हा आकडा जपूनच वापरावा. महालक्ष्मी-वरळी खिंडार बुजविणाऱ्या हॉर्नबी वेलार्ड या बांधाचे साल १७८४ असे रूढ आहे. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याची कारकीर्द १७७१ ते १७८४ अशी असल्याने काम टप्प्याटप्प्याने झाले असावे, हे मत अधिक ग्राह्य दिसते. बांधापूर्वीचा व नंतरचा नकाशा शेजारी ठेवून पाहिल्याखेरीज या कामाचा आवाका ध्यानात येत नाही.

पद्धतशीर मोजणी डिकिन्सन (१८१२-१६) व लॉटन (१८६५-७२) यांची. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पत्रकांत शहर ४७ अ/१६ व ४७ ब/१३ या क्रमांकांच्या दोन पत्रकांत विभागले गेले. १९° उत्तर अक्षवृत्त लोअर परळच्या आसपासून जात असल्याने संपूर्ण बेट पाहायचे तर दोन्ही पत्रके जोडावी लागतात. इंची पत्रकांत (एक इंचास एक मैल, १:६३,३६०) समोच्चरेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) ५० फुटांच्या अंतराने असत. सुमारे ५० मीटर उंचीचा मलबार हिल त्यामुळे जेमतेम तीन रेषांत मावतो आणि पश्चिमेचा खडकाळ उतार उंचीच्या रेषांपेक्षा खडकांच्या चिन्हांवरूनच ओळखावा लागतो. उंची मोजताना आधार सरासरी समुद्रसपाटीचा. ती ठरविताना वापरलेल्या नऊ भरतीमापन केंद्रांत अपोलो बंदरही होते. किनारपट्टीची पत्रके दीर्घकाळ निर्बंधित होती. २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वांसाठी खुली अशी वेगळी मालिका सुरू केली.