बनावट पोथी आणि खरं राष्ट्र

जगाच्या इतिहासात तुमच्या देशाचा वाटा किती टक्के? ३५ देशांतल्या विद्यार्थ्यांना संशोधकांनी हा प्रश्न विचारला. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा देशोदेशीच्या सरासरी उत्तरांची बेरीज १,१०० टक्क्यांच्याही वर गेली होती. बाकीचं जग तर त्यात धरलंच नव्हतं! यात लबाडी नाही. जे चटकन आठवतं ते आपल्याला मोठं वाटतं, आणि शाळेत आपल्याच देशाच्या गोष्टी जास्त कानावर पडलेल्या असतात.

त्या गोष्टी येतात कुठून, याचं चेक लोकांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चेक प्रदेश ऑस्ट्रियन साम्राज्यात होता आणि शिकल्यासवरल्यांचा व्यवहार जर्मनमध्ये चाले. १८१७ मध्ये चेक भाषेचा अभ्यासक वाक्लाव हांका याने एका चर्चमध्ये तेराव्या शतकातली चेक काव्यं सापडल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी त्याहूनही काही शतकं जुनी म्हणवणारी दुसरी पोथी निघाली. हांकाचेच गुरू, भाषापंडित योसेफ दोब्रोव्स्की यांनी ही दुसरी पोथी बनावट ठरवली. पण ऐकतो कोण? राष्ट्रपिता म्हणून गौरवलेले इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की यांनीही पोथ्यांची बाजू लावून धरली. एरवी दप्तरखाने पालथे घालणारा हा माणूस इथे मात्र फसला.

१८८२ मध्ये पॅरिसच्या व्याख्यानात फ्रेंच विचारवंत अर्नेस्त रेनां म्हणाले होते की राष्ट्र घडायला विसर लागतो, इतिहासातल्या चुकाही लागतात. म्हणूनच इतिहाससंशोधनाची प्रगती राष्ट्रभावनेला अनेकदा धोक्याची ठरते. चारच वर्षांनी प्रागमध्ये त्याचा प्रत्यय आला. व्याकरणकार यान गेबाउअर यांनी पोथ्यांतली शब्दरूपं निःसंशय जुन्या लिखाणाशी ताडून पाहिली, ती जुळेनात. गेबाउअर यांचा हा लेख आपल्या नियतकालिकात छापणारे प्राध्यापक तोमाश मासारिक यांना लोकांनी देशद्रोही ठरवलं.

रेनांची भीती इथे खरी ठरली नाही. पोथ्या गेल्या, राष्ट्र राहिलं, आणि १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते हेच मासारिक. पोथ्या पुरत्या गेल्या असंही नाही म्हणा. दुसऱ्या पोथीतल्या, दंतकथेतल्या लिबुशे राणीच्या न्यायनिवाड्याचा प्रसंग चेक संगीतकार स्मेताना याच्या ऑपेऱ्यात आहे. १८८१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचं उद्घाटन त्याच ऑपेऱ्याने झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या तुताऱ्या चेक राष्ट्राध्यक्षांच्या आगमनाला आजही वाजतात.