सोप्या पोर्टेजची कनू ट्रिप आखणे (बाउंडरी वॉटर्स, मिनेसोटा)

जंगलातल्या तळ्यांमधून कनू (लांबट, अरुंद, हलकी होडी) वल्हवत चार-पाच दिवस फिरायचं, रात्री किनाऱ्यावर तंबू ठोकायचा आणि पाणी संपलं की कनू खांद्यावर घेऊन पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत चालत जायचं, असा हा प्रकार. त्या पायवाटेला आणि त्या ओझं वाहण्यालाही पोर्टेज म्हणतात. नवखे लोक, लहान मुलं बरोबर असलेली कुटुंबं, गुडघे कुरकुरणारी मंडळी यांना पोर्टेज आखूड आणि सपाट हवं असतं, आणि तसे रूट आहेतही, फक्त नकाशावर पोर्टेजचा आकडा लहान दिसला म्हणजे ट्रिप सोपी असं होत नाही, कारण पोर्टेज कमी म्हणजे तळी मोठी, आणि मोठ्या तळ्यावर वारा.

यासाठी अमेरिकेत सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते बाउंडरी वॉटर्सचं. मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेला लागून, सुपीरिअर नॅशनल फॉरेस्टमधला दहा लाख एकरांहून मोठा भाग, हजाराच्या वर तळी, आणि मोटरबोटी मोजकी तळी सोडली तर कुठेच नाहीत. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने हा भाग राखीव झाला आणि १९७८ मध्ये त्याच्यासाठी वेगळा कायदा आला. वाटा मात्र कितीतरी जुन्या, आधी इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या, मग फरचा व्यापार करणाऱ्यांच्या. त्या व्यापाऱ्यांचे वल्हेकरी सुमारे ४० किलोचं एक अशी दोन गाठोडी एका वेळी पाठीवर घ्यायचे, आणि इथून पूर्वेला असलेलं ग्रँड पोर्टेज तर साडेआठ मैलांचं. तेव्हा १५० मीटरसाठी कुरकुरताना ते आठवावं.

इथे पोर्टेजची लांबी रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण ५ मीटर, म्हणजे जवळपास कनूच्या लांबीएवढाच. ३२० रॉडचा एक मैल. नकाशावर दोन तळ्यांच्या मध्ये बारीक रेघ आणि शेजारी ३० किंवा ४० असा आकडा दिसतो तो हाच. आता आखणीतलं खरं गणित असं की सगळं सामान एका खेपेत नेणारे लोक कमीच, बहुतेकांना दोन खेपा लागतात, आणि दोन खेपा म्हणजे जाताना ओझं, येताना मोकळे हात, परत ओझं, म्हणजे अंतर दुप्पट नाही तर तिप्पट. शिवाय आखूड पोर्टेजवर चालायला पाच मिनिटंही लागत नाहीत, वेळ खाते ती सामानाची चढउतार. केव्हलार या हलक्या कृत्रिम धाग्याची कनू दगडावर घासायची नसते म्हणून गुडघाभर पाण्यातच उतरायचं (बूट कोरडे ठेवायचा हट्ट पहिल्या तासातच सोडून द्यावा), सॅक किनाऱ्यावर ठेवायच्या, वल्ही, लाइफ जॅकेट, बाटल्या, टोप्या गोळा करायच्या, आणि पलीकडे गेल्यावर हेच उलट्या क्रमाने. म्हणून एका दिवसात पाच बारकी पोर्टेज असलेल्या रूटपेक्षा एकच मध्यम पोर्टेज असलेला रूट बऱ्याचदा बरा पडतो. सुटं सामान हातात घ्यायचंच नाही, सगळं सॅकमध्ये कोंबायचं किंवा कनूला बांधायचं, निम्मा वेळ तिथेच वाचतो.

ठोस उदाहरण घ्यायचं तर नंबर लेक्स, म्हणजे लेक वन, टू, थ्री आणि फोर ही चार तळी. ईली गावातून फर्नबर्ग रोड पकडला की तो संपतो तिथेच लेक वनचा धक्का, एंट्री पॉइंट (आत शिरायची ठरलेली जागा) ३०. लेक वन ते लेक टू मध्ये दोन पोर्टेज, ३० आणि ४० रॉडची, मध्ये एक छोटं डबकं. मिळून ३५० मीटर, दोन खेपांत किलोमीटरच्या जरा वर. त्यानंतर टू, थ्री आणि फोर सलग पाण्याने जोडलेले, कनू उचलायचं कामच नाही. पुढे हडसन आणि इन्सुला लेककडे जाता येतं, पण इन्सुलाच्या आधी शंभर रॉडच्या पुढचं पोर्टेज आहे, तेव्हा सोपी ट्रिप हवी असेल तर फोरवरून परत फिरावं. गंमत म्हणजे या रूटवर लोक पोर्टेजवर नाही तर लेक वनवरच अडकतात. बेटं, खाड्या, वळणं इतकी की सगळा किनारा सारखाच दिसतो, आणि बाउंडरी वॉटर्समध्ये पोर्टेजला पाटी नसते, कॅम्पसाइटलाही नसते. नकाशा मांडीवर उघडा ठेवून प्रत्येक बेट मागे टाकताना नकाशावरचं बोट पुढे सरकवायचं.

२०११ मध्ये वीज पडून लागलेली पगामी क्रीकची आग याच तळ्यांभोवती पसरली होती, सुमारे ९३,००० एकर जळले. त्यामुळे काही कॅम्पसाइटवर मोठ्या झाडांची सावली कमी आहे आणि जॅक पाइनची नवी दाटी आहे.

वाऱ्याचं मात्र गंभीरपणे घ्यावं. इथे वारा बहुतेक पश्चिमेकडून, आणि हा रूट जाताना पूर्वेकडे, म्हणजे जाताना वारा पाठीशी आणि आपण भलतेच तरबेज आहोत असं वाटायला लागतं, परतीला तोच तोंडावर. थ्री आणि फोरवर दुपारी लाटा उठल्या की नवख्यांनी मधून जाऊच नये, किनारा धरून जावं किंवा थांबावं. परतीच्या दिवशी पहाटे निघणं आणि हाताशी एक जादा दिवस ठेवणं, हे कुठल्याही पोर्टेजच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं.

मुक्कामी ट्रिपला परमिट लागतंच, आणि १ मे ते ३० सप्टेंबर रोजचा कोटा असतो. परमिट एंट्री पॉइंट आणि तारखेला बांधलेलं, एकदा आत गेलात की कुठेही फिरा. सोप्या रूटची परमिट आधी संपतात, म्हणून हिवाळ्यातच बुकिंग करावं. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी लेक वनच्या पहिल्या पोर्टेजवर गणपतीच्या आदल्या दिवशीच्या एसटी स्टँडसारखी गत असते, तेव्हा जमलं तर मंगळवार-बुधवारी निघा. जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या जीव नकोसा करतात. ऑगस्टची अखेर ते सप्टेंबर उत्तम, फक्त रात्री थंडी पडते.

ग्रुप जास्तीत जास्त ९ जणांचा आणि ४ कनूंचा, पोर्टेजवर एकत्र जमतानासुद्धा. कनू भाड्याने घेताना केव्हलारचीच मागावी, ती २० किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमची ३४ च्या घरात, आणि हा फरक पैशात महाग असला तरी खांद्याला स्वस्त. खाण्यापिण्याचे पत्र्याचे कॅन आणि काचेच्या बाटल्या आत न्यायला बंदी आहे, पण आपल्याकडच्या खाण्याला त्याचा काही त्रास नाही. मिनिॲपोलिसकडून चार-पाच तास गाडी चालवून येणाऱ्या मराठी मंडळींनी पोहे, मेतकूट, भाजणी, सुकी चटणी झिपलॉकमध्ये भरली की झालं. अस्वलं आहेत, म्हणून रात्री खाण्याची सॅक तंबूत ठेवायची नाही, झाडाच्या खोडापासून लांब उंच टांगायची किंवा अस्वलाला उघडता न येणारा डबा वापरायचा. टूथपेस्टही त्यातच.