दक्षिण आफ्रिकेत फ्लाय फिशिंगची जागा शोधणं

दक्षिण आफ्रिकेत फ्लाय फिशिंगची जागा शोधायची म्हणजे मासा कुठे आहे हा प्रश्न दुय्यम, त्या काठावर आपल्याला उभं कोण राहू देणार हा पहिला. मासे तसे बऱ्याच ठिकाणी आहेत, डोंगरात ट्राउट, मधल्या पठारावर यलोफिश, पूर्वेच्या गरम भागात टायगरफिश, खाडीत लीरविस. १९९८ च्या नॅशनल वॉटर ॲक्टनंतर पाणी कुणाच्या खाजगी मालकीचं राहिलेलं नाही, सरकार ते लोकांच्या वतीने सांभाळतं, पण पाण्यापर्यंत जाणारी जमीन मात्र बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी फार्मची असते, मध्ये तारेचं कुंपण आणि गेट. त्यामुळे नुसत्या मॅपवर नदी बघून गाडी काढली तर दिवस गेटबाहेरच जातो.

आधी या प्रकाराबद्दल थोडं, कारण जागा कशी हवी ते त्यावरूनच ठरतं. साध्या गळात वजन शिशाचं असतं आणि त्याच्या जोरावर दोरी लांब जाते. इथे माशी म्हणजे हुकवर पिसं, केस, धागा गुंडाळून केलेलं खोटं किडूक, तिला स्वतःच्या जोरावर लांब जाण्याइतकं वजन नसतं, ते वजन असतं जाड लाइनला. ती लाइन आधी मागे फेकावी लागते आणि मग पुढे. म्हणून पाठीमागे झाडी असेल तर पंचाईत, आणि पाणी गढूळ असेल तर माशाला माशी दिसतच नाही. मोकळी पाठ आणि स्वच्छ पाणी, या दोन अटींवरच देशातल्या निम्म्या नद्या बाद होतात.

ट्राउट इथला नाहीच. १८९० साली नाताल वसाहतीत स्कॉटलंडहून अंडी आणून ब्राउन ट्राउट नद्यांत सोडले, त्याच दशकात स्टेलेनबॉशजवळ योंकर्सहूक इथे हॅचरी, म्हणजे माशांची पैदास करणारं केंद्र, निघाली, आणि मग रेनबो ही दुसरी जात पण आली. सोडणाऱ्यांना थंड, उंचावरचे झरे पाहिजे होते, म्हणून आजही ट्राउटची जागा शोधताना पहिली गोष्ट बघायची ती उंची. पाणी २० अंशांच्या वर गेलं की हा मासा धापा टाकायला लागतो, अशा वेळी पकडून सोडला तरी बरेचदा मरतो, म्हणून समजूतदार लोक खिशात थर्मामीटर ठेवतात आणि दुपारी पाणी तापलं की रॉड गुंडाळतात.

केपटाउनहून जवळचं म्हणजे दु त्वाक्लूफ घाटातलं पाणी. स्मालब्लार, एलांड्सपाड, होल्सलूट या छोट्या नद्या, तळाला गोल गोटे, पाणी फिकट चहाच्या रंगाचं पण आरपार दिसणारं. इथे नदीचे तुकडे पाडलेत, त्यांना बीट म्हणतात, एका बीटवर एका दिवशी ठराविकच रॉड. बुकिंग केप पिस्केटोरियल सोसायटीकडून होतं, हा क्लब १९३१ पासूनचा आहे, आणि जमीन नेचर रिझर्व्हची असेल तर केपनेचरचं परमिट वेगळं. हुक बिनकाट्याचा, म्हणजे हुकचा उलटा दात दाबून टाकलेला, आणि मासा परत पाण्यात. इथला पाऊस हिवाळ्यात पडतो हे आपल्या डोक्यात पटकन बसत नाही, जून-जुलैत नद्या फुगलेल्या आणि सीझन बंद, तो सप्टेंबरात उघडतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत उलट पाणी इतकं उतरतं नि तापतं की जाण्यात अर्थ नाही. माझ्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडून इथे घाई करू नये.

खरी श्रीमंती मात्र ईस्टर्न केपच्या डोंगरात, रोड्स आणि बार्कली ईस्टच्या आसपास. रोड्स हे १,८०० मीटरच्या वर वसलेलं एवढंसं गाव, रस्ते कच्चे, थंडीत बर्फ. बेल आणि स्टेर्कस्प्रेट या दोन नद्या मिळून क्राय नदी होते आणि ती पुढे अलिवाल नॉर्थला ऑरेंज नदीला मिळते. बोकस्प्रेट, रायफलस्प्रेट, विलो स्ट्रीम असे फाटे त्यात येऊन पडतात आणि प्रत्येकात जंगली ट्राउट आहे, म्हणजे हॅचरीतून आणून टाकलेला नाही, तिथेच जन्मलेला. सगळी जमीन मेंढपाळ शेतकऱ्यांची. वाइल्ड ट्राउट असोसिएशनने या शेतकऱ्यांशी बोलणी करून शेकडो किलोमीटर काठ खुला करून घेतलाय, तुम्ही त्यांच्याकडे रोजचे पैसे भरायचे, ते सांगणार आज कोणता तुकडा तुमचा. ही व्यवस्था मला क्लबवाल्या पद्धतीपेक्षा जास्त आवडते, बाहेरच्या माणसालाही दार उघडं राहतं आणि शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडतात म्हणून तो नदीही जपतो.

गेटचे नियम लिहिलेले नसतात पण कडक असतात. गेट बंद होतं तर आत गेल्यावर लगेच बंद करायचं, उघडं होतं तर उघडंच ठेवायचं, कारण मेंढरं कुठल्या कुरणात सोडायची ते मालकाने ठरवलेलं असतं आणि तुमच्या चांगुलपणाने त्यांचं पाणी तुटू शकतं. तारेवरून चढायचंच असेल तर खांबाजवळून चढायचं. आधी फोन करायचा, घराशी गाडी थांबवून तोंड दाखवायचं, कुत्रा आधी येतो आणि मागून मालक. पाऊस कधी पडला, वरचा डोह अजून गढूळ आहे का, हे तो दोन मिनिटांत सांगतो आणि ते कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

मॅपचं काम त्याच्या आधीचं. सरकारचे १:५०,००० चे टोपो नकाशे आजही उपयोगाचे आहेत, उंचीच्या रेषा जवळजवळ आल्या की उतार तीव्र, म्हणजे धबधबे आणि छोटे डोह, रेषा लांब गेल्या की नदी कुरणातून वळणं घेत जाते आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ पोखरलेला असतो, मोठा ब्राउन तिथेच बसतो. सॅटेलाइट फोटोत पांढरे पट्टे म्हणजे उथळ खळाळतं पाणी, गडद डाग म्हणजे खोली. जलखात्याचे नदीपातळीचे आकडे ऑनलाइन असतात, आदल्या संध्याकाळी ते बघितले की पुढची फेरी वाचते. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, डोंगरात जवळपास रोज दुपारी वीजवादळ येतं, कार्बनचा लांब रॉड हातात धरून तेव्हा मोकळ्या माळावर उभं राहणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

ज्यांना एवढी यातायात नको त्यांच्यासाठी डॅम. दक्षिण आफ्रिकेत शेततळ्यालाही डॅमच म्हणतात. क्वाझुलू-नातालच्या मिडलँड्समध्ये नॉटिंगहॅम रोडला, आणि ड्रेकन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याशी हिमव्हिल, अंडरबर्गच्या बाजूला अशी ट्राउट सोडलेली तळी ढीगभर आहेत, काही क्लबांची, काही गेस्टहाउसची. जोहान्सबर्गची मंडळी वीकेंडला मपुमलांगातल्या डुलस्ट्रूमला पळतात, तिथे रोजच्या रॉडमागे पैसे भरा आणि मासे धरा. सोय आहे, मजा कमी आहे. तरी थंडीत तळ्याच्या कडेला धुकं असताना ड्रॅगनफ्लायच्या अळीसारखी माशी हळूहळू ओढत बसायलाही लोक लांबून येतात. याच मिडलँड्समधल्या डार्गल भागाचं नाव डीडीडी या इथल्या प्रसिद्ध कोरड्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, माशीच्या नावात दडलंय, डकवर्थ्स डार्गल डिलाइट. हरणाचे केस गच्च बांधून कात्रीने छाटलेला छोटा गोळा, कशासारखाच दिसत नाही आणि मासा मात्र घेतो.

यलोफिश हा इथला अस्सल रहिवासी आणि आता कित्येकांचा ट्राउटपेक्षा लाडका. कुळ कार्पचं, म्हणजे आपल्या कृष्णा-भीमेच्या महाशीरचा चुलतभाऊच म्हणा, तीच ताकद आणि प्रवाहात तसंच डोकं खाली घालून पळणं. व्हाल नदीवर पारिसजवळचे खळाळ त्याच्यासाठी नावाजलेले आहेत, वसंतात पाणी कोमट व्हायला लागलं की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून छोट्या जड निम्फवर, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या अळीसारख्या माशीवर, तो मिळतो. पण व्हालमध्ये वरच्या अंगाला शहरांचं सांडपाणी सोडलं जातं, हा अनेक वर्षांचा प्रश्न आहे आणि मानवाधिकार आयोगाने त्यावर चौकशीही केली, त्यामुळे जायच्या आधी स्थानिकांना पाण्याचा वास विचारून घ्यावा, हे मी गमतीत म्हणत नाहीये.

पाणी बघायचंच तर हॅरिस्मिथजवळचं स्टेर्कफाँटेन धरण बघा. याला स्वतःचं पाणलोट जवळपास नाहीच, पाणी तुगेला नदीतून डोंगरावर पंप करून आणलेलं, म्हणून गाळ नाही आणि तळ दिसतो. डिसेंबर ते मार्च इथे मासा डोळ्यांनी बघून धरतात. ऊन पाठीशी घ्यायचं, पोलराइज्ड गॉगल लावायचा, वारा ज्या काठावर आपटतोय तो काठ पकडायचा कारण भुंगे, मुंग्या, नाकतोडे तिकडेच वाहून जमतात, आणि सावकाश चालायचं. पिवळट सोनेरी सावली काठालगत फिरत येते, तिच्या दोन-तीन हात पुढे भुंग्यासारखी माशी टाकायची आणि हलवायची नाही. मासा वर येतो, तोंड उघडतो आणि आपण घाईने रॉड उचलतो, मासा गेला. इथे नव्या माणसाला पहिला धडा हाच मिळतो.

ट्राउटवरून इथे भांडण पण आहे, आणि ते जागा शोधणाऱ्याला माहीत पाहिजे. परका मासा, छोटे देशी रेडफिन खातो, म्हणून पर्यावरणवाले त्याला आक्रमक प्रजातींच्या सरकारी यादीत टाका म्हणतात, मासेमारीवाले म्हणतात सव्वाशे वर्षांचा रोजगार आहे. सीडरबर्गमधल्या रॉन्डेगाट नदीत २०१२ आणि २०१३ ला औषध टाकून परके बास मासे काढले तेव्हा देशी मासे परत आले, त्यामुळे पहिल्या बाजूच्या म्हणण्यात दम आहे. नव्या ओढ्यात ट्राउट सोडायचा विचारही करू नये, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

सीमा ओलांडायची तयारी असेल तर लेसोथोत बोकोंग नदी, कात्से धरणातून यलोफिश उन्हाळ्यात वर चढतात तिथे. पासपोर्ट आणि परमिट दोन्ही लागतं.

टायगरफिशसाठी जोझिनी धरण, त्याला पोंगोलापूर्टही म्हणतात. इथे नदीकाठी फिरून जागा शोधायची पद्धत चालत नाही, मगरी आणि पाणघोडे आहेत, बोट आणि स्थानिक गाइडच घ्यायचा. माशीच्या पुढे तारेचा तुकडा लावायचा, नायलॉन तो दातांनी कापतो. आणि पूर्वेच्या सखल, गरम भागातल्या नद्यांत बिलहार्झिया या रोगाचे, कातडीतून अंगात शिरणारे जंतू असतात, डोंगरातल्या थंड पाण्यात उघड्या पायांनी उतरायची सवय लागली असली तरी इकडे वेडर्स, म्हणजे पाणी आत न येणारी बूट-पँट, घातल्याशिवाय पाण्यात पाय टाकू नये.