जुनी फोर-व्हील जीप : घरगुती निगा आणि सुधारणा

चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी जुनी जीप घरच्या शेडमध्ये खोलून दुरुस्त करणे, चालती ठेवणे आणि आजच्या रस्त्याला पुरेल इतपत तिच्यात बदल करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी भारतात सुरू केली. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आज घरोघरच्या शेडमध्ये दिसतात त्या बहुतेक त्याच वंशातल्या : उंच बोनेटची पेट्रोल सीजे-३बी, डिझेलवरची सीजे-५००डी, प्यूजो इंजिनाची एमएम-५४०. काही लष्कराच्या लिलावातून, म्हणजे ‘डिस्पोजल’मधून आलेल्या. जीप दिसते म्हणून ती फोर-व्हील असतेच असे नाही. खाली वाकून पुढच्या अॅक्सलला डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा गोळा) आहे का आणि त्याच्याकडे जाणारा शाफ्ट जागेवर आहे का, हे आधी पाहावे.

गाडी कशाने खराब होणार, हे ती कुठे उभी राहते यावर ठरते. महाबळेश्वर, बामणोली, पाटण, शिराळा या बाजूच्या गाडीला पाणी खाते. माण, खटाव, आटपाडी, जतच्या गाडीला धूळ. ओल्या पट्ट्यात फ्लोअरचा पत्रा, ब्रेक ड्रम आणि वायरिंगची टोके आधी जातात. कोरड्या पट्ट्यात एअर क्लीनर नीट नसेल तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजतात. जुन्या गाड्यांचा एअर क्लीनर तेलाच्या भांड्याचा असतो. भांड्यावरच्या खुणेपर्यंत इंजिन ऑइल भरायचे आणि तळाशी अर्धा-एक सेंटिमीटर गाळ बसला की भांडे धुऊन तेल बदलायचे. मे महिन्यात जतच्या कच्च्या रस्त्यावर हे दर आठवड्याला करावे लागू शकते. तेल खुणेच्या वर भरले तर इंजिन ते ओढून घेते आणि निळा धूर काढते. मग रिंगा गेल्या समजून इंजिन खोलले जाते.

कामाचा क्रम

बहुतेकजण रंग आणि इंजिनापासून सुरुवात करतात. हा क्रम उलटा आहे. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग तेलाच्या गळती, कूलिंग आणि वायरिंग. इंजिनाची ताकद सगळ्यांत शेवटी. यवतेश्वरचा किंवा कुंभार्लीचा घाट उतरताना इंजिन किती जोरदार आहे याचा उपयोग नसतो.

सीजे-३बीला चारही चाकांना ९ इंची ड्रम आणि सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलचे एकच सर्किट असते. एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खालच्या बाजूला असल्याने चिखल-पाण्याचा पहिला मारा त्याच्यावर. झाकणाचे श्वासछिद्र बुजले की ब्रेक सुटत नाहीत. पेडलला सुमारे १२ मिलिमीटर मोकळा खेळ नसला तरी तेच होते. ड्रम लेथवर धरून साफ करता येतो, पण मूळ मापापेक्षा व्यास दीड मिलिमीटरहून जास्त वाढला असेल तर तो टाकून द्यावा. कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीच्या लेथवाल्याला मूळ माप लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले माप कामात हरवते. जुन्या लायनिंगमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतो, म्हणून ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, पाण्याने धुवावी.

ब्रेकमधली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्रम असा : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे, कोयनेच्या बाजूला वर्षाने. कुणी त्यात चुकून इंजिन ऑइल घातले असेल तर सगळी रबरी कपे फुगतात. अशा वेळी नुसते धुऊन भागत नाही, सिस्टिममधले एकूणएक रबर बदलावे लागते.

स्टिअरिंगचे वॉब्लिंग

चाळीस-पन्नासच्या वेगाला खड्डा लागला की पुढची चाके थडथडू लागतात आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय शांत होत नाहीत. बाजारात यावर स्टिअरिंग डॅम्पर विकला जातो. तो रोग झाकतो. मूळ कारण बहुधा किंगपिनच्या, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीवर वळते तिच्या, बेअरिंगचा ढिलेपणा असतो. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ लागला तर तो व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा हे कळण्यासाठी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा : व्हील बेअरिंगचा खेळ ब्रेक दाबल्यावर नाहीसा होतो, किंगपिनचा राहतो.

किंगपिनचा ताण कॅपखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, काढून वाढवतात. वर आणि खाली सारख्याच जाडीच्या शिम काढाव्यात, नाहीतर आतला जॉइंट मध्यावर राहत नाही. बाहेरचे ऑइल सील आणि टायरॉड (पुढची दोन्ही चाके जोडणारा दांडा) काढून स्टिअरिंग आर्मच्या भोकात स्प्रिंगचा काटा अडकवून ओढावे. साधारण साडेपाच ते सात किलोवर नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) फिरायला लागले की ताण बरोबर. टो-इन (पुढची चाके पुढच्या बाजूने किती आत वळलेली आहेत ते माप) दीड ते अडीच मिलिमीटरच्या आत ठेवावा. व्हील बेअरिंगचा नट चाक जड होईपर्यंत आवळून मग एक-षष्ठांश फेरा सैल करतात. टायरॉडचे टोक, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश आणि शॅकल त्याच दिवशी पाहून घ्यावेत, आणि चेसिसला जिथे स्टिअरिंग बॉक्स बोल्ट केलेला असतो तिथे बारीक तडा आहे का तेही.

गिअर ऑइल आणि ट्रान्सफर केस

सीजे-३बीचा तीन गिअरचा टी-९० गिअरबॉक्स आणि त्यामागचा स्पायसर-१८ ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारा खोका) ही जोडी दणकट आहे, पण गळकी. गिअरबॉक्समध्ये सुमारे १ लिटर, ट्रान्सफर केसमध्ये १.७ लिटर आणि प्रत्येक डिफरन्शिअलमध्ये १.२ लिटर तेल बसते. दोन खोक्यांमधले सील गेले की गिअरबॉक्सचे तेल हळूहळू ट्रान्सफर केसमध्ये उतरते. बाहेर थेंबही दिसत नाही, गिअरबॉक्स कोरडा पडतो आणि ट्रान्सफर केस ओसंडतो. म्हणून दोन्ही लेव्हल प्लग एकदमच उघडून पाहायचे. गिअरबॉक्समध्ये गिअर सहज पडावा म्हणून पितळी सिंक्रो रिंग असतात. तिथे जीएल-४ दर्जाचे ९० नंबर तेल घालावे. डिफरन्शिअलला जीएल-५ लागते. दुकानदार एकाच डब्यातून दोन्हीकडे भरायला सांगतो, ते ऐकू नये.

सील नवे टाकूनही चाकाच्या बाजूने तेल येत असेल तर अॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारे छिद्र, तपासावा. चिखलाने तो बुजला की गरम झालेली हवा सीलमधून वाट काढते आणि तेल थेट ब्रेक लायनिंगवर जाते. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बोनेटच्या उंचीपर्यंत नेणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा आहे, विशेषतः ओढे ओलांडणाऱ्या गाडीला.

या गाड्यांना पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांतला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शिअल नसतो. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून वळले की पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण साठतो, लिव्हर अडकतो आणि टायर घासतात. चारही टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत. ट्रान्सफर केसचा लो गिअर, साधारण २.४६ पट, फक्त फोर-व्हीलमध्येच लागतो. जबरदस्ती केली तर आतली इंटरलॉकची पिन तुटते.

इंजिन आणि ऊसपट्ट्यातले पेट्रोल

सीजे-३बीच्या २,१९९ सीसी इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर आणि एक्झॉस्ट बाजूला असतो. थंड असताना इनलेटचा गॅप ०.०१८ इंच, एक्झॉस्टचा ०.०१६ इंच. प्लगचा गॅप ०.७५ मिलिमीटर, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा अर्धा मिलिमीटर. फायरिंग क्रम १-३-४-२.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि त्यातला काही इथेनॉल साखर कारखान्यांतून येतो. जुन्या रबरी नळ्या आणि फ्युएल पंपाचा पडदा त्याने फुगतो, मऊ पडतो. टाकीतल्या फ्लोटखालचे बुचाचे गॅसकेट विरघळून जाळीत येते. टाकी पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे तिथली गळती क्षुल्लक समजू नये. व्हायटनच्या (इंधनाने न फुगणाऱ्या रबराच्या) नळ्या आणि नवा पडदा टाकावा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडून चढावर इंजिन तापत असेल तर मुख्य जेट एक माप मोठा करावा. पावसाळाभर उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये. इथेनॉल ओलावा ओढून पाण्यासह तळाशी वेगळा होतो आणि टाकी आतून गंजते. एकतर टाकी काठोकाठ भरावी किंवा रिकामी करून कार्बोरेटरही कोरडा करावा.

कोणत्या सुधारणा कराव्यात

दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर पहिला. त्यानंतर डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर. तो बसवण्यापूर्वी बॅटरीचे कोणते टोक चेसिसला आहे ते पाहावे, उलटे असेल तर डायोड क्षणात जळतात. मूळ अॅमीटरमधून गाडीचा सगळा करंट जातो; मोठ्या अल्टरनेटरला तो पुरत नाही, त्याऐवजी व्होल्टमीटर लावावा. हेडलाइटला रिले जोडला की जुना बल्बसुद्धा बराच जास्त उजळ वाटतो.

पाच गिअरचा बॉक्स बसवायचा विचार महामार्गामुळे येतो. ५.३८ गुणोत्तराच्या डिफरन्शिअलवर मूळ ६.००-१६ टायर असताना इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांना वेग ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास राहतो आणि पुणे-बेंगळुरू रस्त्यावर मागून ट्रक हॉर्न देतात. पण मूळ ब्रेक त्याहून जास्त वेगासाठी नाहीत. मोठे रुंद टायर दिसायला बरे. त्यांनी स्टिअरिंग जड होते आणि किंगपिन लवकर जातात.

पुरात बुडालेली जीप

कृष्णा आणि वारणेने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली भागात जे दाखवले, त्यावरून नियम एकच : सेल्फ मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग किंवा डिझेलचे नोझल काढून इंजिन हँडलने फिरवावे. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शिअल यांचे तेल काढावे. दुधाळ निघाले तर स्वस्त तेल भरून थोडे चालवून पुन्हा काढावे. व्हील बेअरिंग आणि नकल उघडून गाळ धुतल्याशिवाय गाडी हलवू नये.

कागदपत्रे

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी गाडी सातारा, कराड किंवा सांगलीच्या परिवहन कार्यालयात न्यावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरची (नोंदणीपत्रावरची) माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परवानगी आधी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते : शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी रोज वापरता येत नाही. शेतावर जाणाऱ्या जीपला ही नोंदणी सोयीची नाही.

तपासणीत चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतली जाते. गंज काढताना ग्राइंडर तिथे लावू नये; ती जागा हाताने, बारीक पॉलिश पेपरने साफ करून वर पातळ ग्रीस लावावे आणि रंगाच्या आधी नंबरचा फोटो व छाप स्वतःजवळ ठेवावी.